मेमरीचा 'आजचा रेट' ठरतो कुठे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरच्या दुकानात कीबोर्डचा भाव विचारा, दुकानदार मान वर न करता सांगेल. एसएसडीचा, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फाइली साठवणाऱ्या मेमरीचा विचारा, तो आधी फोन हातात घेईल, घाऊकवाल्यानं सकाळी व्हॉट्सॲपवर टाकलेली यादी बघेल आणि म्हणेल, "आजचा रेट हा आहे, उद्याचं सांगू शकत नाही." सोन्याला असतो तसा मेमरीलाही रोजचा रेट असतो. ओळखीच्या लोकांना कॉम्प्युटर जोडून देताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी त्यामागचा हिशोब समजून घ्यायला बसलो.

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, फोनमधली साठवण, लॅपटॉपमधली एसएसडी या सगळ्यांच्या पोटात एकाच जातीची चिप असते. तिचं नाव नँड फ्लॅश. जगात ही चिप मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, जपानची किओक्सिया, तिच्याच कारखान्यात भागीदार असलेली अमेरिकेची सॅनडिस्क, अमेरिकेचीच मायक्रॉन, आणि अलीकडे चीनची वायएमटीसी. दुकानातल्या शेकडो ब्रँडांमागे ही एवढीच घराणी आहेत. इतके कमी विक्रेते असले की ते संगनमतानं भाव चढे ठेवत असतील, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात या धंद्यात भाव असे कोसळतात की अब्जावधी डॉलरचे तोटे होतात. थोडेच विक्रेते आणि तरीही रक्तबंबाळ स्पर्धा, हे कोडं सुटलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी चिप म्हणजे काय ते पाहू. चिपवर अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. सेलमध्ये इलेक्ट्रॉन कोंडले की वीज बंद झाली तरी ते तिथेच राहतात. सेल म्हणजे पाण्याचा पेला समजा. पेला भरलेला की रिकामा एवढंच बघायचं ठरवलं, तर एका पेल्यात एक बिट माहिती मावते. त्याच पेल्यावर चार पातळ्यांच्या खुणा केल्या तर दोन बिट, आठ केल्या तर तीन, सोळा केल्या तर चार. पेला तोच, काच तेवढीच, माहिती चौपट. डब्यावर टीएलसी लिहिलेलं असतं ते तीन बिटांचं, क्यूएलसी लिहिलेलं असतं ते चार बिटांचं. सोळा खुणांचा पेला वाचायला जास्त वेळ लागतो आणि थोडं पाणी आटलं तरी वाचण्यात चूक होते, म्हणून क्यूएलसी स्वस्त असते आणि तुलनेनं कमी टिकते.

स्वस्ताईचा दुसरा रस्ता उंचीचा. २०१३ पर्यंत सेल सपाट जमिनीवर बैठ्या घरांसारखे मांडलेले असत आणि दरवर्षी घर थोडं लहान करायचं, हीच प्रगती होती. घरं इतकी लहान झाली की शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन त्रास द्यायला लागले. तेव्हा २०१३ च्या ऑगस्टमध्ये सॅमसंगनं २४ मजल्यांची चिप कारखान्यातून बाहेर काढली. २०२४ च्या अखेरीस एसके हायनिक्सनं ३२१ थरांच्या चिपचं उत्पादन सुरू केल्याचं सांगितलं. जागा तेवढीच, मजले वाढत चाललेले.

याचा अर्थ एका गिगाबाइटमागचा खर्च दरवर्षी खाली येतो. आपल्याकडे कांदा चाळीत सडतो. चिप सडत नाही, पण पडून राहिली तर तिचा भाव सडतो. आज बनलेला माल सहा महिने गोदामात ठेवला, तर तोवर प्रतिस्पर्ध्याचा पुढच्या पिढीचा माल त्याहून कमी खर्चात बाजारात आलेला असतो. म्हणून बनवलेलं विकून मोकळं व्हायची घाई प्रत्येकालाच असते.

तेरा मिनिटं लाइट गेली तेव्हा

जपानमध्ये मिए प्रांतात योक्काइची नावाचं शहर आहे. तिथे जगातल्या सर्वांत मोठ्या फ्लॅश कारखान्यांपैकी एक आहे. आजची किओक्सिया तेव्हा तोशिबा मेमरी या नावानं ओळखली जायची, आणि सॅनडिस्क त्या काळात वेस्टर्न डिजिटलच्या मालकीची होती. १५ जून २०१९ रोजी योक्काइची भागात १३ मिनिटं वीज गेली.

आपल्याकडे तेरा मिनिटं लाइट गेली तर पंख्याखालून उठून गॅलरीत जाण्यापलीकडे काही होत नाही. तिथे मात्र वेस्टर्न डिजिटलनं जाहीर केलं, की तिच्या वाट्याचं सुमारे ६ एक्झाबाइट उत्पादन हातचं जाईल. एक एक्झाबाइट म्हणजे दहा लाख टेराबाइट. १२८ जीबीचा फोन धरला, तर सहा एक्झाबाइटमध्ये जवळपास पावणेपाच कोटी फोन भरतील. तेही फक्त एका भागीदाराच्या हिश्श्याचं.

असं का झालं? चिप जिच्यावर घडते ती सिलिकॉनची गोल चकती, म्हणजे वेफर, शेकडो टप्प्यांतून जाते. पहिल्या टप्प्यापासून शेवटापर्यंत साधारण तीन महिने लागतात. वायूंपासून थर चढवायचे, कोरायचे, धुवायचे, भाजायचे, पुन्हा थर चढवायचे. वीज गेली त्या क्षणी कुठल्या यंत्रात वायू अर्धवट सोडलेला असतो, कुठे निर्वात कक्षाचा दाब बिघडतो, कुठे थराची जाडी चुकते. मधल्या टप्प्यावरच्या चकत्या फेकाव्या लागतात, यंत्रं पुन्हा एकेक करून तपासून सुरू करावी लागतात. असा कारखाना दिवाळीलाही बंद ठेवता येत नाही. रात्रंदिवस, वर्षभर तो चालूच राहावा लागतो.

त्याआधीचे काही महिने फ्लॅशचे भाव सतत घसरत होते. मायक्रॉननं उत्पादनात कपात सुरूही केली होती. योक्काइचीचा माल अचानक कमी झाल्यावर घसरण थांबायला मदत झाली आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात भाव सावरले. बाजार किती काठावर उभा असतो ते यातून दिसतं. पुरवठा थोडासा हलला की रेट हलतो, कारण ज्याला फोन बनवायचा आहे त्याला चिप लागतेच. स्क्रीन, बॅटरी, डबा सगळं तयार असताना मेमरीविना फोन विकता येत नाही.

तोट्यात विकायचं, पण थांबायचं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशोब. आकडे मी समजण्यापुरते घेतो. समजा एका चिपमागे एकूण खर्च १०० रुपये येतो. त्यातले ६० रुपये यंत्रांचा घसारा आणि इतर बांधील खर्च, म्हणजे कारखाना चालला काय किंवा बंद राहिला काय, ते भरावेच लागतात. उरलेले ४० रुपये सिलिकॉन, वायू, वीज, पॅकिंग असा चालू खर्च. आता बाजारात भाव पडून ७० रुपये झाला. चिप बनवली तर ३० रुपये तोटा. न बनवली तर ६० रुपये तोटा. शहाणा माणूस काय करेल? बनवेल.

प्रत्येक कंपनी हाच हिशोब करते. प्रत्येकजण बनवत राहतो, माल वाढत जातो, भाव ७० वरून ६०, ६० वरून ५० होतो. भाव ४० च्या जवळ येईपर्यंत यंत्रं थांबवण्यात कुणाचाच फायदा नसतो. आधुनिक कारखान्याला दहा अब्ज डॉलरहून जास्त खर्च येतो आणि यंत्रांची किंमत पाच-सात वर्षांत वसूल करायची असते. म्हणून एकूण खर्चात तो बांधील भाग एवढा मोठा असतो. साखर कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर ऊस कमी पडला तरी चुलाण विझवता येत नाही, तशातली गत.

एकानं उत्पादन घटवलं, तर भाव थोडा सावरतो, पण तो फायदा जातो ज्यानं घटवलं नाही त्याला. आपण उपाशी राहायचं आणि शेजाऱ्याच्या घरी पुरणपोळी. त्यामुळे कपात व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं, पुढाकार घ्यायला कुणी तयार नसतं. २०१२ च्या जुलैमध्ये तोशिबानं योक्काइचीचं फ्लॅश उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. तेव्हा बाजार पेन ड्राइव्ह आणि कार्डांनी तुंबलेला होता. तोशिबा घटवू शकली, कारण तिला दुसरा मार्ग उरला नव्हता. सॅमसंग मात्र वर्षानुवर्षं सांगत आली, की आम्ही मुद्दाम उत्पादन घटवत नाही.

या वाक्याकडे नीट पाहायला हवं, कारण माझ्या मते या धंद्यातली खरी दरनीती तेच वाक्य आहे. सॅमसंगचा खर्च बहुतेक वेळा इतरांहून कमी आणि तिजोरी भरलेली. फोन, टीव्ही, फ्रिज असे तिचे दुसरे धंदे आहेत. मंदीत भाव पडतो तेव्हा तिलाही मार बसतो, पण इतरांना जास्त बसतो. ते नवी यंत्रं घेणं थांबवतात आणि सॅमसंग तेव्हाच घेत राहते. दोन वर्षांनी मागणी परत येते, तेव्हा नवा माल द्यायला तीच तयार असते. यात कुठेही 'भाव पाडला' असं दिसत नाही. भाव आपोआप पडतो, तिनं फक्त तो थांबवलेला नसतो. ज्याचा श्वास जास्त वेळ टिकतो तो जिंकतो.

तोशिबानं वाटेकरी का केला?

ही सगळी चिप मुळात जपानी. फुजिओ मासुओका हे तोशिबातले अभियंते. त्यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये नँड फ्लॅश. माहितीचा अख्खा गठ्ठा एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि नाव पडलं. मासुओकांना कंपनीकडून शोधाच्या मानानं फार थोडं मिळालं. २००४ मध्ये त्यांनी तोशिबावर १०० कोटी येनचा दावा लावला, २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. आज प्रत्येक खिशात असलेल्या वस्तूचा हा जनक, आणि त्याचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातही नाही, याची मला खरंच रुखरुख वाटते.

१९९२ मध्ये तोशिबानं या तंत्राचा परवाना सॅमसंगला दिला. आज मागे वळून पाहताना वाटतं, स्वतःच्या हातानं वाटेकरी का निर्माण केला? तेव्हाचं गणित वेगळं होतं. इंटेलची नॉर नावाची दुसऱ्या पद्धतीची फ्लॅश बाजारात पुढे होती. नँड नवीन. आणि कुठलाही मोठा गिऱ्हाईक, एकच कंपनी बनवते असा सुटा भाग आपल्या यंत्रात बसवायला तयार होत नाही. तिच्याकडे आग लागली, संप झाला, तिनं भाव दुप्पट केला, तर काय करणार? दुसरा पुरवठादार असला की गिऱ्हाइकाला धीर येतो. बाजारच उभा राहणार नसेल, तर शंभर टक्के वाटा घेऊन करायचं काय? तोशिबानं आधी बाजार वाढवला, मग वाटा बघू म्हटलं.

बाजार वाढला, पण वाटा सॅमसंगकडे गेला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सॅमसंग नँडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. २००२ मध्ये सॅमसंगचे हुआंग चांग-ग्यू यांनी एका परिषदेत सांगितलं, की मेमरीची क्षमता दरवर्षी दुप्पट होत जाईल. लोकांनी त्याला 'हुआंगचा नियम' असं नाव दिलं. मला ते भाकितापेक्षा इशाऱ्यासारखं वाटतं. दरवर्षी दुप्पट म्हणजे दरवर्षी नवी यंत्रं, नवा पैसा. ज्याला परवडत नाही त्यानं बाजूला व्हावं.

दरवर्षी दुप्पट झालेला माल खपवायला नवनवी गिऱ्हाइकं लागतात. इथे स्वस्ताईच उपयोगी पडली. भाव एका पातळीखाली आला की एखादा अख्खा नवा धंदा उभा राहतो. आधी डिजिटल कॅमेऱ्याचं कार्ड, मग खिशातला गाण्यांचा डबा. २००५ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलनं आयपॉड नॅनो आणला. त्यात फिरती डिस्क काढून फ्लॅश बसवली होती, २ जीबी आणि ४ जीबी. त्याच नोव्हेंबरात ॲपलनं हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन, सॅमसंग आणि तोशिबा या पाचही जणांशी २०१० पर्यंतचे करार केले आणि सव्वा अब्ज डॉलर आगाऊ देऊ केले. गिऱ्हाईक आगाऊ पैसे देतंय! ऊस उत्पादकाला उचल द्यावी तसं. ॲपलला माहीत होतं, की पुढच्या टंचाईत ज्याचं नाव यादीत वर असेल त्यालाच माल मिळेल. कारखानदाराला निदान काही माल नक्की खपेल याची हमी मिळाली. छोटे एमपीथ्री बनवणारे मात्र रोजच्या बाजारभावावर अवलंबून राहिले, आणि त्यातले बहुतेक पुढे दिसेनासे झाले.

मग २००८ आलं. सगळ्यांनी कारखाने वाढवलेले, आणि नेमकी जागतिक मंदी. नँडचे भाव कोसळले. त्या सप्टेंबरात सॅमसंगनं सॅनडिस्कला शेअरमागे २६ डॉलर, एकूण ५.८५ अब्ज डॉलर देऊ केले. सॅनडिस्ककडे पेटंटांचा मोठा साठा होता आणि सॅमसंग तिला रॉयल्टी देत होती, ती वाचली असती. सॅनडिस्कनं किंमत कमी आहे म्हणून नकार दिला. ऑक्टोबरात सॅमसंगनं प्रस्ताव मागे घेतला. बुडत्या बाजारात नकार द्यायला मोठी हिंमत लागते. सात वर्षांनी, २०१५ मध्ये, वेस्टर्न डिजिटलनं त्याच सॅनडिस्कसाठी सुमारे १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. सॅनडिस्कच्या तीन संस्थापकांपैकी एक संजय मेहरोत्रा, जन्म कानपूरचा. ते २०१७ पासून मायक्रॉनचे प्रमुख आहेत.

तोशिबाचं पुढे काय झालं? अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांच्या धंद्यात ती एवढी बुडाली, की फ्लॅशचा धंदा विकण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. २०१८ मध्ये सुमारे २ लाख कोटी येनला तो एका गटाच्या हाती गेला. २०१९ मध्ये नाव बदलून किओक्सिया झालं. फ्लॅश जन्माला घालणारं नाव फ्लॅशवरूनच पुसलं गेलं.

मोठ्यानंही हात टेकले

कोविडच्या काळात सगळं जग घरी बसलं आणि लॅपटॉप, फोन, सर्व्हर यांची प्रचंड खरेदी झाली. फोन कंपन्यांनी तुटवड्याच्या भीतीनं चिपा साठवून ठेवल्या. २०२२ मध्ये मागणी थांबली आणि कळलं, की माल दुकानात नाही, गोदामात तुंबलाय. भाव घसरत गेले. मायक्रॉननं २०२३ च्या मार्चमध्ये संपलेल्या तिमाहीत साठ्याची किंमत १.४३ अब्ज डॉलरनं खाली आणली. म्हणजे बनवलेला माल बनवण्याच्या खर्चातही विकला जाणार नाही, हे वहीत कबूल केलं.

२०२२ च्या शेवटापर्यंत सॅमसंग जुन्याच भूमिकेवर ठाम होती. ७ एप्रिल २०२३ ला तिनं आदल्या तिमाहीचा नफा ९६ टक्क्यांनी घसरल्याचा अंदाज दिला, आणि त्याच दिवशी सांगितलं, की मेमरीचं उत्पादन आम्ही लक्षणीय प्रमाणात घटवत आहोत. त्या वर्षात तिच्या चिप विभागाला सुमारे १५ लाख कोटी वॉनचा, म्हणजे साधारण ११ अब्ज डॉलरचा तोटा झाला. एसके हायनिक्सला साडेसात लाख कोटी वॉनहून जास्त. थांबलेली घसरण आणि मग वाढते भाव हे त्यानंतर आलं.

इथे प्रश्न पडतो, कंपन्यांनी मिळून उत्पादन घटवणं हा गुन्हा नाही का? मिळून ठरवलं तर आहे. संगणकात वापरल्या जाणाऱ्या डीरॅम या मेमरीच्या बाबतीत कंपन्यांनी आपसात भाव ठरवल्याचं अमेरिकेत सिद्ध झालं होतं. २००५ मध्ये सॅमसंगला ३० कोटी डॉलर, हायनिक्सला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. पण गुंतवणूकदारांपुढे जाहीरपणे 'आम्ही कमी बनवणार' असं सांगणं कायद्यात बसतं. बाकीचे ते ऐकतात आणि आपापला निर्णय घेतात. म्हणून या कंपन्यांच्या तिमाही निकालांवेळची प्रत्येक ओळ व्यापारी इतक्या बारकाईनं वाचतात. त्यातला 'शिस्त' हा शब्द दिसला, की समजायचं भाव वाढवायची तयारी आहे.

चीनची वायएमटीसी या मांडणीत बसत नाही. २०१६ मध्ये वुहानमध्ये सरकारी पाठबळावर ती उभी राहिली. सेल एका चकतीवर आणि ते चालवणारं सर्किट दुसऱ्या चकतीवर बनवून दोन्ही एकमेकींना चिकटवायची तिची पद्धत खरोखर हुशारीची आहे. बाकीच्यांना धास्ती वेगळीच होती. वरचा ७० आणि ४० रुपयांचा हिशोब, ज्याला तोट्याची फिकीर करावी लागते त्याच्यासाठी आहे. सरकार पाठीशी असेल तर ४० च्या खालीही यंत्रं चालू ठेवता येतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेनं १२८ किंवा जास्त थरांच्या चिपांसाठीची यंत्रं चीनला देण्यावर बंधनं आणली आणि डिसेंबरात वायएमटीसीला निर्बंधांच्या यादीत टाकलं.

आपल्या गल्लीपर्यंतचा प्रवास

आता लॅमिंग्टन रोडवर परत येऊ. फ्लॅशचे भाव दोन प्रकारचे. पहिला कराराचा. फोन आणि सर्व्हर बनवणारे मोठे गिऱ्हाईक तीन-तीन महिन्यांचा भाव घासाघीस करून ठरवतात. जगातला बहुतेक माल असाच जातो. उरलेला माल खुल्या बाजारात येतो, त्याचा भाव रोज बदलतो. तैवानची ट्रेंडफोर्स ही संस्था दोन्हींचे आकडे प्रसिद्ध करते आणि सगळा व्यापार तिच्याकडे डोळे लावून असतो. आपल्या दुकानदाराच्या यादीतला रेट या दुसऱ्या, छोट्या आणि चंचल बाजाराला बांधलेला आहे.

प्रतवारीही आहे. एका चकतीवरच्या सगळ्या चिपा सारख्या निघत नाहीत. नवी कोरी चिपसुद्धा काही खराब सेल घेऊनच जन्माला येते, आणि शेजारी बसवलेला कंट्रोलर, म्हणजे कुठे लिहायचं, कुठून वाचायचं हे सांभाळणारा भाग, ते झाकून घेतो. पहिल्या प्रतीचा माल सर्व्हरला आणि महागड्या फोनला. त्याखालचा साध्या एसएसडीला. ज्याच्यात खराबी जास्त तो पेन ड्राइव्ह आणि कार्डात. आंब्याच्या पेटीसारखंच. यात फसवणूक काही नाही, भाव त्याच हिशोबानं लावलेला असतो.

फसवणूक कशी असते ते आमच्या घरात घडलं. माझ्या मावसभावानं मुलीच्या साखरपुड्याचे फोटो ठेवायला ऑनलाइन ४९९ रुपयांत '२ टीबी' पेन ड्राइव्ह मागवला. कॉम्प्युटरला लावल्यावर जागा बरोबर २ टीबी दिसत होती. त्यानं फोन आणि कॅमेऱ्यातलं सगळं त्यात उतरवलं आणि मूळ कार्ड पुसून टाकलं. महिन्याभरानं फोटो उघडेनात. माझ्याकडे आणल्यावर मी तो नखानं उघडला. आत बोटाच्या पेरापेक्षा लहान हिरव्या पट्टीवर एकच चिप होती. ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून पाहिला, तेव्हा खरी जागा ३२ जीबी निघाली. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं होतं. जागा संपली की तो सुरुवातीच्या फोटोंवरच नवे लिहीत गेला. सासरच्या मंडळींच्या स्वागताचा एकही फोटो उरला नाही. भाऊ वहिनीसमोर मान खाली घालून बसला होता.

वर सांगितलेला हिशोब डोक्यात असता तर ते पाचशे रुपये आणि ते फोटो वाचले असते. फ्लॅश ही अशी वस्तू आहे की तिचा जीबीमागचा भाव सगळीकडे साधारण एकाच पट्ट्यात असतो, कारण ती येते मोजक्याच कारखान्यांतून. चार-पाच नामांकित ब्रँडच्या एसएसडीचा भाव जीबीनं भागून पाहा. एखादी वस्तू त्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यात मिळत असेल, तर आत तेवढी चिप असूच शकत नाही. कुठलाही सेल, कुठलीही सवलत हे अंतर भरून काढू शकत नाही. आणि घेतल्यावर मूळ फोटो पुसण्याआधी तो एकदा पूर्ण भरून परत वाचून पाहा.

२०२३ च्या तळात ज्यांनी एसएसडी घेतली, त्यांना ती कंपन्यांच्या तोट्यातून स्वस्त मिळाली. त्या तोट्यानंतर सगळ्यांनीच नव्या यंत्रांवर हात आखडता घेतला, आणि जो पैसा घातला तो एआयच्या चिपांना लागणाऱ्या डीरॅमकडे जास्त वळवला. फ्लॅशची रोपं कमी लावली गेली आणि २०२५ मध्ये एआयची डेटा सेंटरं एसएसडीसाठी रांगेत येऊन उभी राहिली. त्या वर्षाच्या अखेरीस भाव झपाट्यानं चढले. आज कुणी नव्या कारखान्याची पायाभरणी केली तरी माल यायला सुमारे दोन वर्षं जातात. गुजरातेत साणंदला मायक्रॉननं २०२३ मध्ये जाहीर केलेला २.७५ अब्ज डॉलरचा प्रकल्प चिपा जोडण्याचा आणि तपासण्याचा आहे. चकत्या बाहेरून येणार, म्हणून आपल्याकडे रोजगार आणि कसब आलं तरी रेट तिथून ठरणार नाही.

टंचाईत माल कुणाला द्यायचा, हेही कारखानदारच ठरवतो. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं सांगितलं, की १९९६ पासून चालवलेला क्रूशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँड आम्ही बंद करतोय, दुकानांना माल फेब्रुवारी २०२६ पर्यंतच मिळेल, चिपा मोठ्या गिऱ्हाइकांना लागतात. ही बातमी आली त्या आठवड्यात मी एका विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपसाठी एसएसडी घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं मागच्या फळीवरून क्रूशलचा डबा काढला, यादी बघितली, पुन्हा बघितली आणि डबा काउंटरवरच ठेवून घाऊकवाल्याला फोन लावला.